अप्पांचं ‘तुमच्याकडं’

गुरलिंगअप्पांशी बोलायचं तर आधी शिस्त शिकावी लागते. अप्पा आपलं म्हणणं सावकाश मांडतात, शेवटी ‘तुमच्याकडं’ म्हणतात आणि तोंड मिटून घेतात. मग बोलण्याची बारी तुमची. तुमचं झालं की तुम्हीही ‘तुमच्याकडं’ म्हणायचं, तेव्हा ते पुन्हा तोंड उघडतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जिन्यात भेटले म्हणून सहज म्हणालो, "आज ऊन फार आहे." आणि उत्तराची वाट बघत थांबलो. तेही थांबले. मी हसलो, तेही हसले. शेवटी आतून काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, ओरडल्या, "ओ भाऊ, ‘तुमच्याकडं’ म्हणा, न्हाईतर दोघंबी तिथंच वाळून जाताव!"

धाराशिवच्या बाजारात, घराच्याच पुढच्या भागात, अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना या बोलण्याची सवय झालेली. पण थोरल्या मुलाचं लग्न ठरवायला पाहुणे आले, तेव्हा पंचाईत झाली. अप्पा दर वाक्यानंतर ‘तुमच्याकडं’ म्हणत आणि मुलीचे वडील दर वेळी हात जोडून म्हणत, "व्हय की, आता पोरगी तुमच्याकडंच." लग्न जमलं ते ठीकच. सून मात्र आजही सासऱ्यांशी बोलताना पदराबरोबर ‘तुमच्याकडं’ही सांभाळते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे अप्पांचा वायरलेस. अप्पा हॅम आहेत. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेखातर जे लोक रेडिओवरून एकमेकांशी बोलतात त्यांना हॅम म्हणतात. या रेडिओवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. "एकाच्या बोलन्यावर दुसरा चढला की दोघांचंबी वाया जातंय," असं अप्पा म्हणतात. हा नियम ते रेडिओवर शिकले आणि त्यांनी तो साऱ्या आयुष्याला लावला. काकूंना तेवढा तो लागू नाही. काकूंचं स्टेशन कायम चालू असतं.

बोलणं संपवून निरोप घेताना हे हॅम लोक एकमेकांना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात. जगात कुठंही जा, तेच. आपल्याकडचा रामराम समजा. तो न घालता सेट बंद करणं म्हणजे पाहुण्यानं भरल्या ताटावरून न सांगता उठून जाणं. हे मला अप्पांनीच पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, म्हणून इथं आधीच सांगून ठेवतो.

दुकानात बसून मात्र अप्पांना रेडिओ लावता येत नाही. भांड्यावर नाव टाकायचं त्यांचं ते विजेचं मशीन सुरू झालं, की सेटमधून नुसती टर्रर्र ऐकू येते. ते बंद ठेवलं तर शेजारचा इन्व्हर्टर, समोरची पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचे लुकलुकणारे दिवे. "गावात खरखर लई," म्हणून दर रविवारी सकाळी अप्पा गावाबाहेरच्या माळावर जातात. अप्पांकडे गाडी नाही. माझ्याकडे स्कूटर आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या नशिबी आठवड्यातून एक सकाळ झोपायची असते. ती माझ्या नशिबातून कशी गेली, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी पुढे, अप्पा मागे आणि त्यांच्या हातात झेंड्यासारखी उभी धरलेली अँटेना, अशी आमची वरात बाजारातून निघायची. ही अँटेना अप्पांनी पडद्याच्या नळ्या आणि दुकानातल्या मोडक्या झाऱ्यांचे दांडे जोडून बनवलेली; तिचं तोंड जिकडं, तिकडचंच तिला नीट ऐकू यायचं. लोक विचारायचे, "अप्पा, टीव्ही बसवायला का?" आधी मी खुलासा करायचो. पुढे पुढे मीच व्हय म्हणू लागलो.

त्या माळावरून पश्चिमेला घाट उतरतो आणि खाली बार्शी-परंड्याकडचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. तिथं एक लिंब आहे. लांबच्या देशांशी बोलायचं असलं की अप्पा त्या लिंबावर तार चढवत. त्यासाठी त्यांनी गोफण ठेवली होती, जोंधळ्याच्या रानात पाखरं हाकायला असते ती. गोफणीत दोरी बांधलेला दगड घालून ते गरगर फिरवत आणि मी स्कूटरच्या आडोशाला जाऊन बसत असे. मग सेटसाठी जमिनीत लोखंडी पहार ठोकायची आणि तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं. ओल असली की रेडिओ नीट चालतो म्हणे.

एकदा अप्पा असे कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, पहारेजवळ उकिडवे बसले असताना शेजारच्या रानातला शेतकरी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून मला हळूच म्हणाला, "पाणाड्या हायत का?" मी काही बोलायच्या आत त्यानं टोपी काढली. "समदे नारळ घिऊन बगतेत, कोन लिंबाची काडी घिऊन बगतेत. ह्ये पैल्यांदाच बगतोय, पाणी वतून पाणी बगनारं." अप्पा तेव्हा कुठल्या तरी परदेशी माणसाशी बोलण्यात गर्क. त्यांनी हातानं नुसतं ‘थांब’ म्हणून खूण केली. शेतकऱ्यानं तिला कौल मानलं, पहारेच्या जागी दगड रोवला आणि पुढच्याच महिन्यात तिथं बोअर घेतला. आणि पाणी लागलं की हो! त्यानंतर माळावर रविवारी अप्पांपुढे नारळ येऊ लागले. अप्पा सगळ्यांना समजावून थकले, पण नारळ कुणी परत नेईना. त्या वर्षी काकूंनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना खोबऱ्याची चटणी खाऊ घातली.

परदेशापेक्षा अप्पांचा जीव होता तो मात्र परंड्यात. तिथं रशीदभाई राहायचे. पोस्टाच्या तारखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ते मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या त्या ‘कट्ट कड’च्या भाषेत, बोटांनी बोलणारे. हातात मावणाऱ्या छोट्या सेटवर त्यांची आणि अप्पांची दर रविवारी गाठ पडायची. अप्पांनीच त्यांना बोलून बोलून, नळीची लांबी सांगून सांगून, स्वतःसारखी अँटेना बनवायला लावली होती. पाऊसपाणी, ज्वारीचा भाव, गुडघे, सुना, सगळं बोलणं व्हायचं. इतक्या वर्षांत दोघं एकदाही भेटले नव्हते. परंड्याला एसटी जाते. मी एकदा म्हटलं, "अप्पा, जाऊन या ना." तर म्हणाले, "भेटतावच की दर रविवारी." एकमेकांचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. "फोनवर कुनीबी बोलतंय. नंबर घेतला की दोस्ती फोनची व्हती." दोघांचाही तो पणच होता.

रशीदभाईंचा एकच हट्ट. "अप्पा, टिकटिक सीख लेव. आवाज का भरोसा नको." अप्पा दर वेळी उडवून लावत. "देवानं तोंड दिलंय बोलायला. बोटानं बोलायला आमी काय तबलजी हाव का? तुमच्याकडं." रशीदभाई खो खो हसायचे. तो हसण्याचा आवाज मलाही आवडायचा. माझी झोप गेल्याचं दुःख त्या हसण्यानं थोडं कमी व्हायचं.

एका रविवारी सोलापूरचे दोघंतिघं हॅमही बोलण्यात सामील झाले होते. त्यांच्यासमोर रशीदभाई गमतीनं म्हणाले, "हमारे अप्पा निम्मेच हॅम हैं. टिकटिक नहीं आती." सोलापूरकर हसले. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी बटण दाबलं. "मग आता टिकटिकवाल्याशीच बोला. आमी निम्म्यांनी आता काय बोलायचं?" एवढं बोलून त्यांनी सेट बंद केला. ना तुमच्याकडं, ना सेव्हन्टी थ्री. परतताना बाजारात कुणीतरी विचारलं, "अप्पा, टीव्ही बसला का?" तर त्याच्यावर खेकसले.

पुढच्या रविवारी मला वाटलं, आज झोप मिळणार. पण अप्पा दारात हजर. "म्या बोलवनार न्हाय. त्यांनी बोलवलं तर बगू." माळावर सेट लावून, अँटेना परंड्याकडे वळवून बसले. रशीदभाईंनी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. "माझ्यापरीस त्यांचा राग मोठा निगाला," अप्पा म्हणाले. मनातून ते हबकले होते.

आणि मग तो टवाळ सुरू झाला. म्हणजे अप्पांनी त्याला ते नाव दिलं. कुणीतरी सेटचं बटण दाबून धरावं आणि बोलू काहीच नये, तशी मुकी खरखर यायची. दोनदा लांब, मग तुटक तुटक. जरा थांबून परत तुटक तुटक, आणि शेवटी दोनदा लांब. अप्पा भडकले. "हायवेवरल्या टरकावाल्यांनी चायना सेट घेतलेत, त्यातलाच कुनीतरी." त्यांनी बटण दाबून त्याला झापलं, "कोन हाय रं त्यो? घरात दुसरी बटनं न्हाईत का दाबायला? पंखा लाव जा!" अँटेना जरा बाजूला फिरवली की खरखर बंद व्हायची. अप्पा मला विजयानं सांगत, "बगा, घाबरला." परत परंड्याकडे वळवली की तो परत हजर. हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. अप्पांना सुटायला हवं होतं. पण रुसलेल्या माणसाला रुसण्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

शेवटी अप्पांनीच माघार घेतली. एका सकाळी बटण दाबून म्हणाले, "रशीदभाई, ऐकत असाल तर ऐका. ह्ये वय हाय का रुसायचं? मर्दासारखं एकदा तोंड उगडा की! तुमच्याकडं." बटण सोडलं. लगेच ती खरखर आली, लांब, लांब, तुटक. अप्पा ओरडले, "मधी मधी करू नको बे! दोन मानसं बोलायलेत इथं!"

पुढे माघात अप्पांच्या मेहुण्याच्या घरचं लग्न परंड्यात निघालं. काकू म्हणाल्या, "आता तरी जाऊन या त्यांच्याकडं." अप्पा म्हणाले, "ज्येनं तोंड मिटलं त्याच्या दारात म्या जाऊ?" काकूंनी त्यावर बरंच काही सुनावलं, ‘तुमच्याकडं’ न म्हणता. सोबतीला अप्पांनी मलाही नेलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, काकू पाहुण्यांत मागं राहिल्या आणि परतीसाठी आम्ही दोघं एसटी स्टँडवर येऊन थांबलो. अप्पा उगीच इकडं तिकडं बघत होते. घरांच्या माळवदांवरून त्यांची नजर फिरत गेली आणि एका जागी अडकली. एका माळवदावर बांबूला बांधलेली, पडद्याच्या नळ्यांची अँटेना.

"आपल्याकडंच त्वांड हाय," अप्पा म्हणाले. सूर्याकडे बघून त्यांनी हात लांब करून दिशा धरली. "आपल्या माळाकडंच हाय वो. काडली न्हाय त्यांनी." कुबेराची इस्टेट दिसावी तसे ते त्या अँटेनेकडे बघत निघाले. पत्ता कुणाला विचारला नाही. गल्ल्यांतून वर बघत बघत चालले, एका गटारीत पायही गेला, आणि आम्ही त्या दारात पोचलो.

दार रशीदभाईंच्या बायकोनं उघडलं. अप्पांनी नाव सांगायच्या आधीच, त्यांचा आवाज ऐकून, त्या म्हणाल्या, "हौ, तुमीच अप्पा ना? दर इतवारला घरात तुमचाच आवाज असतो." आत लोखंडी खाटेवर रशीदभाई पडलेले. उजवा हात पोटावर निर्जीव, तोंड एका बाजूला ओढलेलं. इतकी वर्षं अप्पांनी या माणसाचा फक्त आवाज ओळखला होता. समोर आता आवाज सोडून सगळं होतं.

"तुमच्याशी झगडा झाला ना, त्याच हफ्त्यात झालं," भाभी सांगत होत्या. "हात गेला, जबान गेली. पण इतवारला सेट हातात लागतोच. डाव्या हातानं बटण दाबतात. तुमी वरडताव ना, पंखा लाव म्हून, तवा हसतात. लई हसतात."

अप्पा खाटेजवळच्या स्टुलावर बसले. "म्हंजी त्यो... तुमी व्हतात?" एवढं कसंबसं म्हणाले आणि सवयीनं पुढे बोलून गेले, "तुमच्याकडं." बोलल्यावर आपण काय बोललो ते कळून त्यांनी तोंडावर हात ठेवला. रशीदभाईंनी डावा हात उचलला आणि खाटेच्या पाइपावर अंगठीनं टकटक केली. लांब, लांब, तुटक तुटक. अप्पा त्या बोटाकडे बघत राहिले. समोरचा माणूस स्पष्ट बोलत होता आणि अप्पांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. इतका लाचार झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एसटीत मी म्हटलं, "अप्पा, मोबाइलवर बघू. मोर्सचा अर्थ लगेच मिळतो." अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांनी मोबाइलला न्हाय इचारलं. मला इचारलंय. म्या शिकतो."

आणि या वयात अप्पा शिकू लागले. सरावाला त्यांनी ते नाव टाकायचं मशीन घेतलं. टर्रर्र म्हणजे लांब, टर् म्हणजे तुटक. दिवसभर दुकानातून टर्रर्र टर् टर् ऐकू यायचं आणि नव्या ताटांच्या काठावर टिंबं आणि रेघा उमटायच्या. रुखवतासाठी भांडी न्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "अप्पा, ही कसली नक्षी?" अप्पा म्हणाले, "इंग्रजी हाय." झालं! पुढच्या आठवड्यात तिच्या जावा आल्या, आम्हालाही ती टिंबाटिंबाची नक्षी टाकून द्या म्हणून. आज धाराशिवच्या कितीतरी घरांत लोक ‘ए, बी, सी, डी’वर जेवतायत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. आकडे मात्र अप्पांनी शेवटावर ठेवले. म्हणायचे, "आकडे काय, जल्मभर गल्ल्यावर तेच केलंय. आदी अक्षरं येऊ द्या."

रविवारी माळावर आता अप्पा गावभरचं सांगायचे, ‘तुमच्याकडं’ म्हणून बटण सोडायचे आणि जिवाचा कान करायचे. रशीदभाई हळूहळू बटण दाबत. अप्पा पुटपुटत एक अक्षर पकडायचे, दोन सांडायचे. एकदा मात्र ते एकदम उठून उभे राहिले. "चहा! चहा म्हनलेत! रशीदभाई चहा पिऊलालेत!" बोअरवाला शेतकरी धावत आला, त्याला वाटलं परत पाणी लागलं. अप्पांनी त्याला मिठी मारली.

शेवटची खरखर तेवढी त्यांना कळायची नाही. लांब, लांब, तुटक. "ह्ये कुठल्या अक्षरात बसंना," म्हणायचे आणि सोडून द्यायचे. स्वतः सेट बंद करताना ते सेव्हन्टी थ्री म्हणत नसत. "आजारी मानसाचा निरोप घेऊ ने. जातो म्हनू ने कधी, येतो म्हनावं." म्हणून ते बटण दाबून नुसतं म्हणायचे, "येतो, रशीदभाई."

चैत्र लागला आणि एका रविवारी अप्पांनी ‘तुमच्याकडं’ म्हटल्यावर काहीच आलं नाही. त्यांनी अँटेना हलवली, बॅटरी बदलली, पुन्हा बोलावलं. मग सामान आवरलं. आम्ही परंड्याला पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. माळवदावरची अँटेना तशीच होती, आमच्या माळाकडे तोंड करून.

अप्पांनी त्यानंतरही मशीन सोडलं नाही. "घेतलंय तर पुरं करतो," म्हणाले. त्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. अप्पा एका फुलपात्रावर आकडे गिरवत होते. सात काढला, टर्रर्र टर्रर्र टर् टर् टर्. मग कसा कोण जाणे, त्याच्यापुढे तीन काढला, टर् टर् टर् टर्रर्र टर्रर्र. आणि त्यांच्या हातातलं मशीन थांबलं.

"ऐकलाव?" ते मला म्हणाले.

मी ऐकलं होतं. मीही ओळखलं होतं.

"सेव्हन्टी थ्री हाय वो ह्ये. पैल्या दिवसापासून रामराम घालायलते ते. भांडून म्या उटलो, आन जबान गेलेला मानूस दर रविवारी मला रामराम घालायलता. आन म्या..." मग हळूच म्हणाले, "म्या पंखा लाव म्हनलो." काकू आतून आल्या. पहिल्यांदाच मी काकूंना काही न बोलता उभं राहिलेलं पाहिलं.

रविवारी अप्पा दारात आले. मी काही न विचारता स्कूटर काढली. माळावर त्यांनी अँटेना परंड्याकडे वळवली, सेट हातात घेतला आणि बटण दाबलं. लांब, लांब, तुटक तुटक तुटक. तुटक तुटक तुटक, लांब, लांब. एकही चूक झाली नाही. मग बटण सोडून ते सेट कानाशी धरून बसले. खाली परंड्याकडचं रान उन्हात पांढरं पडलं होतं. सेटमध्ये काही नव्हतं. बराच वेळ गेला. मला राहवेना, मी म्हटलं, "अप्पा, ऊन चढलं. निघू या का?"

अप्पांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले, "बारी त्यांची हाय."